आण्णांची दोन कार्बोरेटरवाली फियाट

आरटीओतल्या बाईंनी जाडजूड रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मालकाच्या रकान्यात आण्णांचं नाव होतं. त्याखाली दुसरं कुणाचंच नाही.

‘‘गाडी तुमच्याच घरची दिसतीय की. मग शोधताय काय?’’

१९९१ साली विकलेली गाडी २०२२ मध्ये अजून वडिलांच्याच नावावर होती, आणि वडलांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. मी त्या दिवशी मोठ्या आशेनं गेलो होतो. नंबर तीन अक्षरी, एमएच मालिका सुरू व्हायच्या आधीचा. सरकारच्या एम-परिवहन अॅपवर टाकला तर नोंदच सापडत नव्हती. म्हटलं, जुन्या रजिस्टरात तरी पुढच्या मालकाचा पत्ता मिळेल. मिळाला तो आमच्याच जुन्या वाड्याचा.

गाडी म्हणजे १९६७ ची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, जिला पुढं सगळा देश पद्मिनी म्हणून ओळखू लागला तिचीच आधीची पिढी. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आण्णांनी ती १९७९ मध्ये सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि पैसे तरी कुठं होते?

आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार बाहेर निघते तेव्हा ज्या गावातली माणसं पालखीला जोडावेत तसे हात जोडून उभी राहतात, त्या गावातले. १९८१ मध्ये ते कुणाच्या तरी गाडीचे मदतनीस म्हणून मद्रासजवळ शोलावरमला गेले. तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. आल्यावर आठ दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत, असं आई सांगते. नवव्या दिवशी त्यांनी फियाटच्या इंजिनाचं हेड उतरवलं.

हेडला फेस मारून, म्हणजे त्याची खालची बाजू जराशी छिलून, कॉम्प्रेशन वाढवलं. मागच्या कमानीतला एक पाटा काढून गाडी खाली बसवली. स्टिअरिंगचा गिअर काढून तळाच्या पत्र्याला भोक पाडलं आणि दांडा खालून वर आणला. आणि सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणारे सोलेक्स कार्बोरेटर एकाच्या जागी दोन. दोन बसवायचे तर त्यांना इंजिनाशी जोडणारं नळकांडं, म्हणजे मॅनिफोल्ड, वेगळा लागतो, आणि तो बाजारात मिळत नव्हता. मोडक्या पलंगाच्या सागवानी पायाचा पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, करून त्यांनी मित्राच्या फौंड्रीत तो अॅल्युमिनियममध्ये ओतून घेतला. त्याच्यावर उठावाचं एक अक्षर होतं, जरासं कललेलं ‘अ’. अमेरिकेत पोरांनी जुन्या फोर्डवर हेच केलं तर त्याला हॉट रॉड म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला नाद म्हणायचे.

आक्काच्या लग्नात गाडी गेली. २६ हजारांना, इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यातल्या एका साहेबांना. मी अकरा वर्षांचा होतो.

रजिस्टरचा नाद सोडला आणि गाडी शोधतोय असं दिसेल त्याला सांगत सुटलो. इथं एक चूक केली, तीही सांगून टाकतो. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाचा फोन आला, ‘‘तुमचीच गाडी आहे, नंबर जुळतोय.’’ फोटोत रंगही तोच, फिकट आकाशी. पाच हजार टोकन पाठवून दिलं. जाऊन बघतो तर बॉनेटखालच्या पाटीचे रिव्हेट चकचकीत नवे. मी पायाखालचं रबर उचललं. पत्रा अखंड. आण्णांनी ड्रिल मारलेली गाडी असती तर तिथं भोक तरी असतं नाहीतर ठिगळ तरी. पाच हजार गेले ते गेले. पण एक गोष्ट लख्ख कळली : नंबर कुणीही ठोकू शकतो, आण्णांचे उद्योग कुणी ठोकू शकत नाही. तिथून पुढं मी नंबर विचारायचाच बंद केला. ‘दोन कार्बोरेटरवाली, गिअर खाली असलेली फियाट’ एवढंच विचारायचो, आणि तेही फक्त पन्नाशीच्या पुढच्या मेस्त्र्यांना.

इस्लामपूरच्या साहेबांचा मुलगा सापडला. त्याच्या आठवणीत गाडी लई पेट्रोल प्यायची आणि वडील तिला शिव्या द्यायचे. तीन-चार वर्षांत त्यांनी ती कराडला कुणाला तरी दिली. कराडात मी दोन रविवार फिरलो. पहिल्या रविवारी फक्त चहा झाले. दुसऱ्या रविवारी कृष्णा पुलाकडच्या एका गॅरेजात सत्तरीचे एक मेस्त्री प्लग साफ करत बसले होते. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांनी मान वर केली.

‘‘कोल्हापूरची न्हवं? आकाशी?’’

मग त्यांनी नुसतं गेटकडं बोट केलं. लोखंडी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याच्या बुडाला एक काळपट धूड लावलं होतं. मी खाली बसलो, चिंध्यानं पुसलं. कललेला ‘अ’ वर आला.

मी काही बोललो नाही, मेस्त्रीच बोलत होते. दोन कार्बोरेटर एका सुरात लावणं इकडं कुणाला जमंना, गाडी ठसके द्यायची, म्हणून त्यांनी १९९५ च्या सुमारास ते उतरवून साधा एक बसवला. कार्बोरेटर पुढं सुटे विकले गेले. ‘‘ह्ये मात्र भंगारात घालू वाटलं न्हाई. ज्यानं ओतलंय त्येला हात हुता.’’ पैसे विचारले तर म्हणाले, ‘‘घिऊन जावा. दाराला वीट लावतो.’’

गाडी कुठं गेली हेही त्यांनाच माहीत होतं. कणकवलीकडच्या एका काजू कारखानदाराला त्यांनी स्वतः नेऊन दिली होती, फोंडा घाट उतरून.

घाट उतरून मीही गेलो. गावाचं नाव सांगत नाही, काकूंना आता पाहुणे नको आहेत. घरामागं मांगर, मांगरात नारळाची सोडणं, काजूची रिकामी पोती, आणि पोत्यांखाली गाडी. चारही टायर बसलेले, मागच्या सीटवर मांजरीची पिल्लं. रबर उचललं. भोक होतं, भोकातून वर आलेला गिअरचा दांडा होता, आणि दांड्यावर आण्णांनी लेथवर काढलेली पितळी मूठ हिरवी पडून बसली होती.

‘‘खंयसून इलास?’’ काकूंनी मागून विचारलं.

‘‘कोल्हापुरातनं. ही गाडी आमची होती.’’

‘‘माका भंगारवाले असांच सांगतत.’’

त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. भंगारवाला अठरा हजार देत होता आणि तिथंच तोडून नेणार होता, म्हणून काकूंनी त्याला हाकललं होतं. मी मोबाइलवर आमचा जुना फोटो दाखवला : बॉनेटवर बसलेली आक्का, शेजारी आण्णा, मागं पंचगंगेचा घाट. काकूंनी फोटो बराच वेळ बघितला आणि मुंबईच्या मुलाला फोन लावला. मुलानं नेटवर बघून चार लाख सांगितले. त्याचं काही चुकलं नाही, चकाचक उभ्या केलेल्या गाडीला तेवढे सांगतात. पण हिचा तळ अर्धा गंजला होता. तीन खेपा आणि एक फणस एवढ्यावर १ लाख ७० हजारांना जमलं. घासाघीस मुलाशीच झाली. काकूंची एकच अट : तोडायची नाही.

पैसे दिल्यावर काकूंनी प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली. त्यात मूळ आरसी बुक, आणि त्याच्या आत घडी घालून ठेवलेले मालकी बदलायचे दोन टीटी फॉर्म, २९ आणि ३० नंबरचे. तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं, खाली विकणाऱ्याची सही. आण्णांची. तेव्हा अशीच रीत होती. सही करून कोरे फॉर्म द्यायचे, घेणारा नावावर करील तेव्हा करील. त्या सहीवर गाडी तीन घरं फिरली आणि एकानंही नावावर करून घेतली नाही. मी त्या मांगरात उभा राहून सहीच बघत बसलो. ‘र’च्या शेवटी ते नेहमी एक झटका द्यायचे, तो तिथंही होता.

एजंट म्हणाला, ‘‘सही खरी आहे, मागची तारीख टाकू, संपलं.’’ मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मेलेल्या माणसाची सही वापरायची म्हणजे कुठं ना कुठं अडकणार, आणि ते कागद देऊन टाकायचेही नव्हते. सरळ रस्ता त्याच रजिस्टरवाल्या बाईंनी सांगितला. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. गाडी तुमच्या वडिलांच्या नावावर आहे, तुम्ही वारस आहात, मग २९-३० ची भानगडच नाही. लागलं ते असं : मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, माझं प्रतिज्ञापत्र, आईचं आणि आक्काचं संमतिपत्र. काकूंकडून स्टँप पेपरवर पैसे पोचल्याची पावतीही घेऊन ठेवली, उद्या मुंबईच्या मुलाचं मन फिरलं तर असू दे. म्हणजे आज माझ्याकडं गाडी विकत घेतल्याची पावती आहे आणि सरकारदरबारी मात्र ती मला वारशानं मिळालीय.

नूतनीकरण वेगळं. रजिस्ट्रेशन कधीचं संपलेलं. फॉर्म २५, पंधरा वर्षांवरच्या खासगी कारची तेव्हाची ५ हजार फी, उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. एकानं सुचवलं, व्हिंटेजमध्ये घाला. २०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी तसा नियम आलाय. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण नियम नीट वाचला. रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामापुरतीच रस्त्यावर आणायची. आणि गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आण्णांनी १९८१ मध्येच तो दाखला फाडून ठेवला होता! गंमत अशी की ज्या फेरफारांमुळं गाडी सापडली, त्यांच्यामुळंच ती ‘अस्सल’ नव्हती. साधंच नूतनीकरण करायचं ठरवलं.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. तळ, ब्रेक, वायरिंग, रेडिएटर यात आठ महिने गेले, त्यावर लिहीत बसत नाही. सुटे भाग मिळवणं मात्र अचानक सोपं झालं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली आणि बरेच भाग डिलाइटला चालतात. सगळे हळहळत होते तेव्हा मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात ब्रेकचे सिलिंडर वेचत होतो. थोडी लाज वाटली.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरांनी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली. इंजिन नंबर ताडला. दोन्ही जुळले. मग आत डोकावून म्हणाले, ‘‘हिचा गिअर स्टिअरिंगला असतो ना?’’

‘‘वडिलांनी खाली आणलाय. १९८१ मध्ये.’’

त्यांनी पितळी मूठ हातात धरून चारही गिअर टाकून बघितले. ‘‘बसतोय की चांगला,’’ म्हणाले आणि पुढच्या रकान्याकडं वळले.

त्या संध्याकाळी गाडी चालवत घरी आणली. आई दारात उभी होती, हातात आरतीचं ताट. मी दारात दोनदा रेस केली. आईनं ओवाळलं, कुंकू लावलं, आणि म्हणाली, ‘‘गाडी आपलीच आहे. आवाज न्हवं हा.’’

बरोबरच होतं. एका कार्बोरेटरची फियाट कुठल्याही फियाटसारखी वाजते. आण्णांची गाडी गल्लीच्या तोंडाला आली की आई भाताखालचा गॅस बारीक करायची, इतका तो आवाज वेगळा होता.

मॅनिफोल्ड उद्यमनगरात नेला. गेटखाली पंचवीस वर्षं राहून एका फ्लँजला, म्हणजे जोडायच्या कडेला, चीर गेली होती, ती आर्गन वेल्डिंगनं भरून फेस मारून घेतली. ‘अ’ला हात लावू दिला नाही. कुर्ल्यात दोन सोलेक्स मिळाले, पण दोन वेगवेगळ्या गाड्यांचे. ते एका सुरात येईनात. तीन रविवार मी आणि धाकटा मेव्हणा काळे हात करून बसलो. शेवटी कराडच्या मेस्त्रींना फोन केला. ते एसटीनं आले, पिशवीत फूटभर रबरी नळी घेऊन. नळीचं एक टोक कानाला, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोघांची हवा ओढायची फुसफुस सारखी ऐकू आली पाहिजे. आण्णा असंच करायचे आणि नळी धरायला मी असायचो, हे मला ती नळी बघेपर्यंत आठवलंही नव्हतं.

‘‘मागला जास्त वढतोय,’’ मेस्त्री म्हणाले. स्क्रू पाव फेरा फिरला. मग अजून जरासा. इंजिन ठसकलं, थांबलं, पुन्हा धरलं, आणि खालच्या पट्टीत घुमायला लागलं. दुसऱ्या दिवशी पीयूसी परत काढली. सीओ, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड, ३ टक्क्यांच्या आत, पण काठावर.

पण त्या रविवारी आवाज घुमला तशी आई पदराला हात पुसत दारात आली आणि थोडा वेळ नुसती ऐकत राहिली.

‘‘जवळ आलंय,’’ म्हणाली, आणि तव्यावर भाकरी करपते म्हणून आत गेली.