पावसाळ्यातलं पॉलिॲनिलीन

नागपुरात पॉलिॲनिलीन, म्हणजे वीज वाहून नेणारं प्लास्टिक (पॉलिमर), बनवायचं तर डिसेंबर-जानेवारीत बनवावं. रिॲक्शन ० ते ५ अंशांत ठेवली की रेणूंच्या साखळ्या लांब होतात, आणि थंडीत नळाचं पाणीच निम्मं काम करून देतं. पण एमएस्सीच्या पोरांची प्रोजेक्टं नेमकी उन्हाळ्यात अंगावर येतात. मग आमचे लॅबवाले भाऊ गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी स्कूटरवर घेऊन येतात, मागच्या ओट्यावर ती हातोडीनं फोडली जाते, वर मूठभर मीठ. बाहेर पारा ४५ वर. "मॅडम, हे प्लास्टिक बनवून राहिले का आइस्क्रीम?" हा भाऊंचा दर वर्षीचा प्रश्न. आम्ही दर वर्षी हसतो.

खरं तर बर्फ नसला तरी पॉलिॲनिलीन होतं. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००२ मध्ये एक अहवाल छापला. पाच संस्थांतल्या आठ जणांनी एकाच कृतीनं, साध्या खोलीच्या तापमानाला पॉलिॲनिलीन केलं आणि ५९ नमुने मोजले. वाहकता सरासरी ४.४ सीमेन्स प्रति सेंटीमीटर आली, पण कमी-जास्त १.७. कृती तीच, रसायनं तीच, हात सराईत, तरी एवढी तफावत. नव्या विद्यार्थ्याला मी आधी हा अहवाल वाचायला लावते. मग आपले आकडे पेपरातल्या आकड्यांशी जुळले नाहीत की कोणी रडत येत नाही.

करायला सोपं, बघायला सुंदर. ॲनिलीन हा त्याचा कच्चा माल, तो द्रव आधी ऊर्ध्वपातन करून घ्यायचा, कारण बाटलीतलं हवेनं काळपट-तपकिरी झालेलं असतं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवायचं आणि बर्फात ठेवून ढवळत त्यात अमोनियम परसल्फेटचं द्रावण थेंब-थेंब सोडायचं. थोडा वेळ काहीच होत नाही. पोरं मोबाइल काढतात. मग पाण्यात फिकट निळी झाक येते, ती गडद होत जाते, थर्मामीटरचा पारा आपोआप वर चढायला लागतो, आणि बघता बघता सगळं बीकर शेवाळी हिरवं. ॲप्रनवर पडलेला डाग जन्मात निघत नाही. १८६२ मध्ये लंडनच्या हेन्री लेथबीनं ॲनिलीन सल्फ्युरिक ॲसिडात घेऊन त्यातून वीज सोडली, तेव्हा त्याच्या इलेक्ट्रोडवर असाच निळा-हिरवा थर बसला होता. त्यातून वीज वाहते हे कळायला पुढे शतक जावं लागलं.

या विषयाचा पाया म्हणून सांगितली जाते ती गोष्ट मात्र दुसऱ्या पॉलिमरची. १९६७ मध्ये तोक्योत रसायनशास्त्रज्ञ शिराकावा काम करत त्या प्रयोगशाळेत पॉलिॲसिटिलीन करताना कॅटॅलिस्ट हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा मिळाला. पुढे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ मॅकडायर्मिड शिराकावांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घेऊन गेले. तिथे भौतिकशास्त्रज्ञ हीगर होते. तिघांनी त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि वाहकता एक कोटी पटींनी वाढली. १९७७ मध्ये पेपर आला, २००० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल.

वर्गात मी हे असं सांगते: देशपांडे सभागृहात गच्च भरलेल्या रांगेत कोणाला हलता येत नाही. मधला एक माणूस उठून गेला की शेजारचा सरकतो, मग त्याच्या शेजारचा, आणि रिकामी खुर्ची रांगभर फिरते. साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात, ती रांग. आयोडीन इलेक्ट्रॉन काढून घेतो, तो उठून गेलेला माणूस. पॉलिॲनिलीनमध्ये ॲसिडचा प्रोटॉन येऊन बसतो आणि तशीच जागा मोकळी करून देतो. ॲसिड आहे तोवर हिरवं आणि वाहक. ॲसिड काढून घेतलं की निळं, आणि वीज जवळपास बंद.

इथवर सगळे थीसिस सारखेच असतात. मला चीड येते ती पहिल्या प्रकरणातल्या त्या परिच्छेदाची, जिथे हे पॉलिमर तांब्याच्या तारांची जागा घेणार असतात, शिवाय गुंडाळता येणारे टीव्ही, कपड्यांतल्या बॅटऱ्या वगैरे. तांब्याची वाहकता आमच्या हिरव्या भुकटीच्या लाखपटीहून जास्त आहे. तार करून करायचं काय बाप्पा? जे खरोखर बाजारात गेलं ते मुकाट्यानं गेलं. पेडॉट-पीएसएस या दुसऱ्या वाहक पॉलिमरचा पातळ थर फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून दिला गेला. तुमच्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर जे छोटे डबीसारखे सॉलिड कपॅसिटर असतात, त्यांच्या आतही वाहक पॉलिमर असतं. बातमी कुठेच नाही.

आमचं काम हवेतला अमोनिया ओळखणाऱ्या सेन्सरचं. रिॲक्शन चालू असताना बीकरमध्ये जुन्या ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीटची पट्टी लटकवून ठेवली की तिच्यावर हिरवा पातळ थर आपोआप बसतो. ती धुऊन वाळवायची, दोन टोकांना सिल्व्हर पेस्ट लावायची आणि मल्टिमीटर जोडायचा. अमोनियाच्या बाटलीचं बूच जवळ उघडलं की विजेला होणारा रोध भराभर चढतो, हिरव्यावर निळसर छटा येते. बूच लावलं की आकडा हळूहळू उतरतो. अमोनिया प्रोटॉन ओढून घेतो, गेला की परत देतो. सगळा परत येत नाही, थोडा रोध वरच राहतो, पण येतो बऱ्यापैकी. पोरं खूश.

मे महिन्यात.

दुपारच्या हवेत आर्द्रता जेमतेम विसाच्या आसपास असते तेव्हा पट्टी मुकाट बसते. मृग लागला की तिला कंठ फुटतो. पाण्याची वाफ थरात शिरली की वाहकता वाढते, रोध उतरतो. म्हणजे अमोनिया रोध चढवणार आणि पाऊस तो उतरवणार. ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब असते तेव्हा थोडासा अमोनिया आला तरी मल्टिमीटरवर दोघांची वजाबाकी दिसते. त्यात परसल्फेटच्या बाटलीत ढेकळं झालेली, डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल गुलाबी. कितीतरी पेपरांत सेन्सर कोरड्या नायट्रोजनमध्ये तपासलेला असतो. सिलिंडरमधल्या कोरड्या हवेत कोणी राहत नाही.

अमोनिया लागतो कुठे? कोल्ड स्टोरेजमध्ये. मोठ्या शीतगृहांत थंडावा करणारा वायू अमोनियाच असतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीनं कळमन्याकडच्या एका शीतगृहाच्या मॅनेजरांना पट्टी दाखवायला गेलो, तर ते म्हणाले, "सेन्सर काहून पाहिजे मॅडम? नाक हाय ना." नाकाला वास लागतो हे खरं. पण दिवसभर त्याच हवेत वावरणाऱ्याचं नाक सरावतं, त्याला तो कमी जाणवायला लागतो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा आहे २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५. हे सांगितल्यावर त्यांनी निदान चहा मागवला आणि मशीन रूमच्या दाराशी पट्टी लावायला जागा दिली. दार उघडलं की आत बाहेरची दमट हवा, बंद केलं की आतली कोरडी हवा. याहून वाईट जागा आम्हाला शोधून सापडली नसती, म्हणून तीच घेतली.

यंदाचा विद्यार्थी जुलैचा ग्राफ घेऊन आला. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर रेघ खाली गेलेली. म्हणाला, "मॅडम, आपण हा ह्युमिडिटी सेन्सर म्हणूनच विकू ना." मी त्याला बाजारातला तयार सेन्सर आणायला लावला. शे-दोनशे रुपयांत मिळतो, आणि त्याच्याही पोटात पॉलिमरचाच पापुद्रा असतो, फक्त वीज न वाहणारा. पाणी शोषलं की त्याची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते. आता तो आमच्या हिरव्या पट्टीशेजारी चिकटवला आहे. तो ओलावा सांगतो, पट्टी ओलावा अधिक अमोनिया सांगते, आणि पोरगा एक्सेलमध्ये एकातून दुसरं वजा करत बसला आहे. दार बंद असतानाचे आकडे जुळतायत. उघडल्यावरचे अजून नाही, कारण तयार सेन्सर ओलावा टिपतो पटकन आणि आमची पट्टी सावकाश. पुढच्या बॅचला थर आणखी पातळ करून बघणार आहोत. बर्फाची लादी सांगून ठेवली आहे.