तुम्ही विचारलंत म्हणून: काकडी-मुळ्यावर काय घालते मी?

जेवायला आलेलं कुणीतरी ताटातली मुळ्याची फोड तोंडात टाकतं, जरा थांबतं आणि विचारतं, "ताई, यावर काय घातलंय? कुठून आणता?" कुठूनच आणत नाही. जळगावच्या कुठल्याही स्वयंपाकघरात जे असतं तेच आहे ते: शेंगदाण्याचं तेल, लिंबू, मोहरी, मीठ आणि गुळाचा खडा. माझी पुण्याची भाची त्याला सॅलड ड्रेसिंग म्हणते, म्हणू दे.

कच्च्या तेलाची गोडी आपल्या खान्देशाला नवी नाही. खिचडी वाढली की मधे खळगा करून शेंगदाण्याचं कच्चं तेल आपण घेतोच, ठेच्यावरही घेतो. कच्च्या भाजीवर मात्र ते घालायचं सुचत नाही. तिथं दाण्याचं कूट आणि वरून फोडणी, एवढंच. म्हणून माझं पहिलं सांगणं तेलाचं. तेल घाण्याचं घ्या. रिफाइंड करताना तेलाचा वास आणि रंग काढून टाकलेला असतो. तळणाला ते चालतं, पण इथं तेल तापणारच नाही, जसंच्या तसं जिभेवर येणार आहे. त्याला भुईमुगाचा वास हवाच.

पण तेल आणि लिंबाचा रस एकमेकांत मिसळत नाहीत. कितीही हलवा, दोन मिनिटांत तेल वर आणि रस खाली. मग पहिल्या घासाला नुसतं तेल लागतं आणि वाटीच्या तळाशी नुसतं आंबट उरतं. या दोघांना धरून ठेवते ती मोहरी. मोहरीच्या सालीत एक चिकट द्रव्य असतं, ते पाण्यात सुटतं आणि तेलाचे बारीक थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाही.

मोहरीच्या बाबतीत मी एकदा चांगलीच चुकले होते. लवकर भिजावी म्हणून कुटलेल्या मोहरीवर कढत पाणी ओतलं. झणका आलाच नाही, उरला तो कडवटपणा. कारण नंतर कळलं. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलंच एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि झणका तयार करतं. कढत पाण्यानं ते विकर मरतं, आणि आंबट लवकर घातलं तर त्याचं काम थांबतं. आपल्या आज्या मोहरी गार पाण्यात फेसायच्या आणि नाकाला झोंबायला लागल्यावरच आंबट घालायच्या, ते याचसाठी.

तर 1 छोटा चमचा मोहरी खलबत्त्यात बारीक कुटा, 2 चमचे गार पाणी घालून फेसा आणि 10 मिनिटं झाकून ठेवा. तोवर एका रसदार लिंबाचा रस काढून त्यात मीठ आणि किसलेला गूळ विरघळवून घ्या. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते रसातच घालायचं. मग झाकणाच्या बरणीत मोहरी आणि रस एकत्र करा, त्यावर रसाच्या दुप्पट तेल थोडं थोडं घाला आणि दर वेळी बरणी जोरात हलवा. पाश्चात्त्य पद्धतीत आंबटाच्या तिप्पट तेल घेतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मला दुप्पटच बरं वाटतं. पिवळसर, दाट, एकजीव झालं की झालं.

लसूण आवडत असेल तर जेवणाआधी त्या दिवसापुरताच ठेचून घाला. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं, त्यात हवेशिवाय वाढणारे विषारी जंतू धरू शकतात. हे मी कळकळीनं सांगते, कारण लसणाच्या तेलाच्या बाटल्या ओट्यावर आठ-आठ दिवस ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. बिनलसणाचं मिश्रण फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं. गारठ्यानं तेल गढूळ दिसलं तर घाबरू नका. थोडा वेळ बाहेर ठेवून हलवलं की पूर्वीसारखं होतं.

आणि भाजी कोरडी हवी. धुतलेली कांद्याची पात पंच्यावर पसरून निथळू द्या, ओल्या पानावर तेल टिकत नाही. काकडीला मिठानं पाणी सुटतं, म्हणून पाटावर बसल्यावरच हे कालवायचं.

हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत होतं, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या असतात आणि ताटात पातीचा कांदा, मुळा, गाजर. गेल्या थंडीत शेतावर मी ही बरणी नेली होती. भरितात मी ते घालू दिलं नाही, भरिताला त्याची गरज नाही. पण मुळा आणि पात या मिश्रणात कालवून वाढली. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी दोनदा मागून घेतली आणि घरी निघताना विचारलं, "मोहरी किती घेतली होती गं?"