तुम्ही विचारलंत म्हणून: मुले डोंगर चढताना कुरकुरत नाहीत का?

हा प्रश्न मला बेळगावात शेजारी विचारतात आणि नातेवाइकांच्या लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: कुरकुरतात, भरपूर कुरकुरतात. मीही कुरकुरत असे.

मी आठ वर्षांचा असताना आप्पांनी मला राजहंसगडावर नेले. येळ्ळूरपर्यंत बस आणि पुढे पायी. गड फार उंच नाही, पण मे महिन्यातल्या उन्हात मला तो संपता संपेना. आप्पांचा नियम एकच होता: जो सर्वांत लहान, त्याने सर्वांत पुढे चालायचे. त्यामुळे त्यांच्या लांब ढांगा माझ्या मागे अडकून पडत आणि मी ज्या ज्या जाळीपाशी थांबे, तिथे त्यांनाही थांबणे भाग पडे. करवंद तोडायचे, पण चावण्याआधी विचारायचे, "कोंबडा की कोंबडी?" आतला गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाला तर कोंबडी. बोटे चिकाने चिकट आणि ओठ जांभळे होईपर्यंत चढ कधी सरला ते कळलेच नाही.

पुढे माझ्या मुलीला वैजनाथाच्या देवळावरून महिपाळगडाकडे नेताना मी हा नियम साफ विसरलो. हातात घड्याळ घेऊन मी पुढे आणि ती मागे. अखेर ती एका दगडावर बसली ती उठलीच नाही, आणि आम्ही देवळापासूनच परतलो. चूक सर्वस्वी माझी होती. पुढच्या खेपेस तिच्या पाच वर्षांच्या भावाला पुढे घातले. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या शिनोळीपर्यंत दोघांनी कन्नड पाट्या मोठ्याने वाचण्याची शर्यत लावली होती (त्यात मी नेहमीच हरतो), आणि वाटेवर गोगलगायीच्या चालीने चालूनही कुणी बसकण मारली नाही. गडावर चक्क नांदते गाव पाहून मुलगा मात्र नाराज झाला. "मग राजा कुठे राहतो?" हा त्याचा प्रश्न अजून माझ्याकडे थकीत आहे.

गेल्या दिवाळीत आप्पांना घेऊन आम्ही पुन्हा राजहंसगडावर गेलो. आता वरपर्यंत गाडी जाते, तरी शेवटचा टप्पा चालण्याचा हट्ट त्यांनी धरला. मुलांनी त्यांना पुढे केले. करवंदांचा हंगाम सरून पाच महिने झाले होते, तरी आप्पा प्रत्येक जाळीपाशी थांबून पाने बाजूला सारत राहिले, आणि मुलेही त्यांच्याबरोबर वाकून करवंदे शोधत राहिली.