तुम्ही विचारलंत म्हणून: छोटा हत्ती सोडून पिकअप का घेतली?

टेम्पो स्टँडवर, कुणाच्या हळदीत, अगदी गाडी धुताना सुद्धा मला कोणी ना कोणी विचारतंच, "दादा, तुमच्या घरात एवढी वर्षं टाटा होती, मग महिंद्रा कशी काय घेतलीत?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी नाराजी असते, मी पक्ष बदलल्यासारखी. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, थोडं लांबेल.

आमच्या अण्णांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याचा टेम्पो चालवला. 1996 ला भाजी आणि फळांचा बाजार मुंबईतून इकडे वाशी-तुर्भ्याला आला आणि त्यामागोमाग अण्णा पण आले, रात्री दोनला उठायचं, गाळ्यावरून माल भरायचा, विटावा, कळवा करत ठाण्याला जांभळी नाक्यावर उतरवायचा आणि संध्याकाळी मालकाला हिशोब द्यायचा. मग 2005 ला टाटा एस आली, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात. 700 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल. मोठा टेम्पो मार्केटच्या गल्लीत शिरत नाही आणि तीनचाकीवर लांबचं भाडं मारता येत नाही, या दोघांच्या मधली गाडी कोणी बनवलीच नव्हती. टाटाचे इंजिनिअर गिरीश वाघ यांच्या टीमने ती बनवायच्या आधी तीनचाकीवाल्यांना जाऊन विचारलं होतं की तुम्हाला काय पाहिजे, आणि मला वाटतं सगळं यश तिथेच आहे.

2006 ला अण्णांनी हप्त्यावर घेतली. आरसी बुकावर पहिल्यांदा त्यांचं स्वतःचं नाव आलं. गाडी आणली त्या संध्याकाळी ते रिकाम्या हौद्यात जाऊन बसले, पाठ केबिनला टेकवून, अर्धा तास, कोणाशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेंटरकडून फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या पत्र्यावर, पिवळ्या अक्षरात 'आईचा आशीर्वाद' लिहून घेतलं. त्या माणसाला टाटा म्हणजे कंपनी वाटेल का? ड्रायव्हरचा मालक झाला तो त्या गाडीमुळे. माझं आणि ताईचं शिक्षण त्या पाऊण टनातून झालं, खरं सांगायचं तर कधी कधी टनभरातून पण.

आमच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी यावरून रोज वाद चालतो. छोटा हत्तीवाले एका बाजूला, महिंद्राच्या बोलेरो पिकअपवाले दुसऱ्या बाजूला, 2011 ला अशोक लेलँडची दोस्त आली तेव्हापासून तिसरी पार्टी पण आहे. गंमत अशी की टाटा मोटर्स आणि महिंद्रा दोन्ही मुंबईच्याच आणि दोघींची सुरुवात पण 1945 चीच, म्हणजे भांडण घरातलंच आहे. माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, तो म्हणतो तिकडे याच्याहून जोरात आहे. फोर्डची एफ-सिरीज 1977 पासून तिकडची सगळ्यात जास्त खपणारी पिकअप, त्यावर जनरल मोटर्सवाले म्हणतात की आमच्या शेवरले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा या सख्ख्या बहिणी, दोघींचा खप एकत्र मोजा मग बोला. 2019 ला तर रॅम या तिसऱ्याच कंपनीच्या पिकअपने सिल्व्हराडोला पण मागे टाकलं. गाडीच्या मागे काचेवर दुसऱ्या कंपनीच्या चिन्हावर लघवी करणाऱ्या पोराचा स्टिकर लावतात म्हणे. आणि बाहेरून येणाऱ्या पिकअपवर 1964 पासून 25 टक्के कर आहे, तो लागला युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला त्या भांडणातून, त्यामुळे बाहेरच्यांना शिरणं अवघड झालं, टोयोटाला पण तिकडेच सॅन अँटोनियोला कारखाना टाकून पिकअप बनवावी लागली.

पण तिकडे कित्येक जण ऑफिसला जायला पिकअप घेतात, तिथे आवड चालते. इथे गाडी एक दिवस उभी राहिली की हप्ता छातीवर बसतो.

हे मला कळलं ते 2021 ला. छोटा हत्ती थकला होता, तो काढला आणि मी एका तिसऱ्याच कंपनीची गाडी घेतली, नाव नाही घेत, डिस्काउंट बघून घेतली ही माझी चूक. हापूसच्या ऐन सीझनला, हौद्यात पेट्या भरलेल्या, ताडपत्री दोरीने बांधून झाली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. गाडी जोरच घेईना. एक सेन्सर गेला होता, तळहातात मावेल एवढा, आणि तो पूर्ण नवी मुंबईत कोणाकडे नाही. अकरा दिवस गाडी उभी. त्या रात्री पेट्या वाचवल्या त्या स्टँडवरच्या एका पिकअपवाल्याने, स्वतःचं भाडं सोडून, पहाटे साडेतीनला हौद्याला हौदा लावून माल त्याच्या गाडीत घेतला आणि पैसे विचारले तर म्हणाला उद्या चहा पाज.

मग मी हिशोब केला. स्टँडवर सगळ्यात जास्त गाड्या बोलेरो पिकअप, म्हणजे मिस्त्रीचा हात बसलेला, क्लच प्लेट असो की पाट्याचा बुश, तुर्भ्यात चालत जाऊन मिळतो, विकायला काढली तर आठवड्यात गिऱ्हाईक. आणि आता मी कांद्या-बटाट्याचा माल उचलतो, मला दीड-पावणेदोन टनाची गाडी लागते. तुमचा माल हलका असेल, गल्लीबोळात फिरणं असेल, तर मी आजही छोटा हत्तीच घ्या म्हणेन, डोळे झाकून.

अण्णांना सांगायला मला चार दिवस लागले. ते चिडले नाहीत, फक्त विचारलं, "फाळका कुठाय जुना?" तो मी भंगारवाल्याला दिला नव्हता, गॅलरीत ठेवला होता, आता त्यावर आईच्या कुंड्या आहेत. नवी गाडी आली तेव्हा ते खाली उतरले, चपला काढून हौद्यात चढले, पायाने पत्रा दाबून बघितला आणि म्हणाले पेंटर तोच बोलव.

तुम्हाला घ्यायची असेल तर शोरूमला नंतर जा. आधी पहाटे चारनंतर भाजी मार्केटच्या गेटवर या, तुमच्यासारखा माल नेणारे दहा ड्रायव्हर गाठा आणि एवढंच विचारा की बंद पडली तर पार्ट कुठून आणता आणि किती वेळात. मी तिथेच असतो, चहा माझ्याकडून.