चढावर दम तोडणारी जुनी गाडी : आजवरची तपासणी आणि मोजमापं

गाडी कार्बोरेटरची. १३०० सीसी, चार सिलिंडर, दोन बॅरलचा (दोन हवेच्या वाटांचा) कार्बोरेटर, इंजिनावर बसणारा मेकॅनिकल पेट्रोल पंप आणि पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग. सपाटीवर साठ-सत्तरच्या वेगात काहीच तक्रार नाही, आयडलिंग घड्याळासारखं. चढ लागला की सुरुवातीला ओढते, मग आवाज पोकळ होतो, पाय पूर्ण दाबूनही वेग उतरत जातो. सेकंडला टाकून पाय हलका केला की थोड्या वेळाने पुन्हा जीव येतो.

अशा तक्रारीवर प्लग, कॉइल, कार्बोरेटर किट, पंप असे एकेक भाग बदलत जायची पद्धत आहे. ती पद्धत इथे कटाक्षाने टाळली. कोणताही पाना हातात घेण्याआधी घड्याळ घेतलं, कारण गाडी कमजोर पडते हे कळून फारसा उपयोग नाही. ती चढ लागल्यापासून किती सेकंदांनी पडते आणि पाय काढल्यावर किती सेकंदांनी सावरते, हे दोन आकडे अर्धं निदान करून देतात.

पाय दाबताक्षणीच ताकद कमी असेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), पूर्ण न उघडणारा थ्रॉटल (पॅडलने उघडणारी कार्बोरेटरची झडप), तुंबलेला सायलेन्सर किंवा घसरणारा क्लच. वीस-तीस सेकंद नीट ओढून मग पडत असेल तर पेट्रोल कमी पोहोचतंय. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल आणि थांबून टाकीचं झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज येत असेल, तर टाकीचा व्हेंट (आत हवा येण्याचं छिद्र) बंद आहे. गाडी जितकी तापेल तितका त्रास वाढत असेल तर पेट्रोलची वाफ, तापून कमजोर पडणारी कॉइल किंवा धरून राहिलेले ब्रेक.

चाचणीसाठी दर वेळी तोच चढ, इंजिन पूर्ण तापलेलं, तिसरा गिअर, ५० चा वेग आणि तिथून पाय पूर्ण खाली. टाकी निदान अर्धी भरलेली हवी. चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं. सक्शनची नळी पुढच्या बाजूला असेल आणि टाकीत तळाला थोडंच पेट्रोल असेल, तर नळी उघडी पडते आणि धडधाकट गाडीही बंद पडते. ही चूक झाली तर पुढचे सगळे आकडे फुकट.

पहिल्या फेरीत ५० वरून ५७ पर्यंत गेली, २२ व्या सेकंदाला पोकळ आवाज, ४० व्या सेकंदाला वेग ३६. पाय काढल्यावर साधारण १५ सेकंदांत सावरली.

हे आकडे गणितात बसतात का ते पाहू. एवढं इंजिन पूर्ण लोडवर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरताना मिनिटाला अंदाजे २०० मि.लि. पेट्रोल पितं. सपाटीवर ६० च्या वेगात तेच इंजिन ६० मि.लि.वर भागवतं. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये ५० मि.लि.च्या आसपास साठा असतो. पुरवठा १३०-१४० वर अडकला असेल तर सपाटीवर कळणारही नाही. चढावर मात्र दर मिनिटाला साठ-सत्तर मि.लि.ची तूट येते आणि वीसेक सेकंदांत चेंबर अर्धा उतरतो. पातळी खाली गेली की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं आणि इंजिन पोकळ वाजायला लागतं. २२ सेकंद म्हणूनच बोलके आहेत. संशय सरळ पेट्रोलच्या लाइनवर गेला.

तरी लाइनला हात लावण्याआधी काही सोप्या गोष्टी बाद करणं भाग होतं. एअर फिल्टर काढून तोच चढ चढून पाहिला, फरक शून्य. एकाने पॅडल पूर्ण दाबलं, दुसऱ्याने कार्बोरेटरच्या तोंडातून पाहिलं : पहिल्या बॅरलच्या थ्रॉटलची फ्लॅप उभी, दुसऱ्या बॅरलचीही पूर्ण उघडी. ही तपासणी बरेच जण सोडून देतात. केबल सैल असली किंवा पॅडलखाली जाड मॅट असली तर दुसरी बॅरल उघडतच नाही, कारण ती पॅडलच्या शेवटच्या टप्प्यातच उघडते. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिनाची रेस वाढून वेग तसाच राहत नव्हता, म्हणजे क्लच घसरत नाही. चारही चाकं जॅकवर हाताने मोकळी फिरली. टाकीचं झाकण सैल ठेवून चढ चढला, तेच २२ सेकंद, व्हेंटही ठीक.

मग पंपाचं माप. कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून मापाच्या बाटलीत सोडला आणि इंजिन आयडलिंगवर चालवलं. चेंबरमधल्या पेट्रोलवर ते दोन-तीन मिनिटं आरामात चालतं, तेवढा वेळ मोजायला पुरतो. गरम एक्झॉस्टवर थेंब पडू नये म्हणून बाटली लांब आणि पाइप क्लिपने पक्का. जवळ अग्निशामक हवाच. एका मिनिटात १४० मि.लि. आलं. अशा पंपाकडून ५०० च्या आसपास अपेक्षा असते. शिवाय धार अखंड नव्हती, बारीक बुडबुडे घेऊन येत होती.

इथे पंप बदलायचा मोह होतो. तो आवरून पंपाचा सक्शन पाइप काढला, तिथे हातभर नवा पाइप लावून त्याचं दुसरं टोक पंपाच्याच उंचीवर ठेवलेल्या वेगळ्या डब्यात बुडवलं आणि पुन्हा मोजलं. ५२० मि.लि., एकही बुडबुडा नाही. पंप निर्दोष सुटला. दोष टाकी ते पंप एवढ्या टप्प्यात.

सक्शनच्या बाजूचा दोष फसवा असतो. प्रेशरच्या बाजूला पाइप फुटला तर पेट्रोल गळतं, वास येतो, डाग दिसतो. सक्शनच्या बाजूला चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ. म्हणून पंपाच्या इनलेटला टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्यूम गेज जोडला. वाचायची रीत अशी : काटा जास्त व्हॅक्यूम दाखवत असेल तर टाकीच्या बाजूला कुठेतरी तुंबलंय; काटा जवळपास हलत नसेल आणि तरी पेट्रोल कमी येत असेल तर लाइन हवा घेतेय. इथे काटा एक इंचालाही (पाऱ्याच्या इंचांत) पोहोचत नव्हता आणि बुडबुडे होते. हवाच.

टाकीजवळच्या लोखंडी नळीला रबराचा जो लहान तुकडा जोडतो, तो वरून ठीक दिसत होता. क्लिप काढून दोन बोटांत वाकवला तेव्हा क्लिपच्या कडेला अर्धगोल चीर उघडली, आणि आतल्या थराची एक पातळ साल सुटून भोकात लोंबत होती. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला असं आतून खातं. बदलताना इथेनॉल चालेल असाच पाइप घ्यावा आणि तुकडा एकच का असेना, त्या लाइनवरचं सगळं रबर एकदमच बदलावं. स्क्रूच्या खाचवाल्या क्लिपा मऊ रबर कापतात; गुळगुळीत पट्टीच्या, पाइपच्या मापाच्या क्लिपा वापरल्या.

पुन्हा मोजलं : बुडबुडे गेले, पण पेट्रोल २९० मि.लि.च. आणि आता इनलेटचा व्हॅक्यूम सहा इंचांवर चढला. हवेचा रस्ता बंद झाला तसा त्यामागे लपलेला दुसरा दोष उघडा पडला. लाइन तुंबलेलीही होती. पहिल्या दुरुस्तीवर समाधान मानून गाडी बाहेर काढली असती तर कदाचित हा चढ पार झाला असता आणि पुढच्या लांब घाटात तोच खेळ पुन्हा सुरू झाला असता.

टाकीतलं सक्शन युनिट बाहेर काढलं. बॅटरीची अर्थ आधी सोडलेली, काम उघड्यावर, जवळ ठिणगी करणारं काहीही नाही. नळीच्या टोकाला असलेली जाळीची गाळणी तपकिरी, चिकट थराने लिंपलेली होती. उजेडाकडे धरली तर तळाचा तेवढा नखाएवढा भाग आरपार दिसत होता. हा थर म्हणजे जुन्या पेट्रोलचा डिंक आणि त्यात बसलेला बारीक गंज. नुसत्या पेट्रोलमध्ये तो सुटत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून मऊ ब्रशने काढला. जाळीला छिद्र असतं तर गाळणी बदलावी लागली असती. टाकीतलं पेट्रोल काढून तळही पुसून घेतला.

पंपाकडून लाइनमध्ये हवा मारून चालवायची युक्ती सर्रास केली जाते. तिने गाडी लगेच सुधारते हे खरं, पण कचरा गाळणीवरून उडून टाकीतच पडतो आणि काही दिवसांत परत जाळीवर येऊन बसतो. तिचा उपयोग निदानापुरता : हवा मारल्यावर गाडी सुधारली तर दोष गाळणीत, एवढंच समजायचं.

आता माप ५१० मि.लि., इनलेटला व्हॅक्यूम दीड इंच. कार्बोरेटरच्या तोंडाशी टी लावून प्रेशर गेज वायपरपाशी बांधला आणि काचेतून दिसेल असा ठेवला. पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये कधीच आणायचा नाही, चाचणीपुरताही नाही. चढावर संपूर्ण वेळ ०.२ बारच्या वर प्रेशर टिकलं. २२ व्या सेकंदाची पडझड थांबली.

पण वेग ५० वरून ६२ वरच अडकला. या वजनाच्या आणि ताकदीच्या गाडीने त्या चढावर सत्तरी गाठायला हवी होती. आणि ही कमजोरी पहिल्या सेकंदापासूनची होती, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने वेगळा रोग.

कॉम्प्रेशन घेतलं : चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंजिन गरम असताना. १०.८, १०.६, १०.९, १०.४ बार. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेले आकडे खोटे कमी येतात. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे रिंग आणि व्हॉल्व्ह ठीक. सायलेन्सरसाठी इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून २,५०० वर मिनिटभर रेस धरली. तुंबलेला सायलेन्सर असता तर काटा हळूहळू खाली सरकत गेला असता. तो २० इंचांवर स्थिर राहिला.

राहिलं टायमिंग. इथे क्रम महत्त्वाचा : आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप सरकतं. गॅप ०.४० मि.मी.वर बसवला. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद केलं आणि टायमिंग लाइट मारला. आयडलिंगला ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या ८ अंश आधी, अगदी पुस्तकाप्रमाणे. बहुतेक तपासण्या इथेच थांबतात. रेस ३,००० वर नेली तर खूण १९ वर जाऊन थबकली. या इंजिनाला तिथे ३० हवेत. आणि जात होती तीही अडखळत, एक झटका, थांबा, मग दुसरा झटका.

पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळपास उरत नाही, त्यामुळे चढावर व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने ठिणगी लवकर पाडण्याची) मदत मिळत नाही. तिथे सगळा भार डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांवर, जी रेस वाढली की बाहेर फाकून ठिणगी लवकर पाडतात. सपाटीवर पाय हलका असतो, व्हॅक्यूम भरपूर, आणि तो वजनांची उणीव झाकून नेतो. हा दोषही फक्त चढावर का दिसतो त्याचं कारण हे.

डिस्ट्रिब्युटर उघडून पॉइंटची प्लेट काढली. खाली दोन्ही वजनांच्या पिनांवर सुकलेलं ग्रीस आणि लालसर गंज. एक वजन बोटाने ढकलल्यावर अर्ध्यावर अडकून तिथेच राहत होतं, स्प्रिंग त्याला परत ओढू शकत नव्हती. पिना बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या, प्रत्येकीवर इंजिन ऑइलचा एकच थेंब, रोटरखालच्या नमद्यावर दोन. जास्त तेल उडून पॉइंटवर बसतं आणि मिसिंग सुरू होतं.

स्प्रिंगांबाबत एक खास सूचना. पुष्कळ डिस्ट्रिब्युटरमध्ये एक स्प्रिंग बारीक आणि ताणलेली असते, दुसरी जाड आणि तिचा डोळा लांबट, त्यामुळे ती हाताला सैल लागते. ती खराब झालेली नाही. ती वरच्या रेसलाच कामाला लागावी अशीच बनवलेली असते. सैल दिसते म्हणून तिचा डोळा चिमटून आवळला की ॲडव्हान्स उशिरा येतो आणि गाडी पुन्हा मंद होते.

बसवून पुन्हा पाहिलं : ८ पासून २९ पर्यंत खूण सलग सरकली आणि रेस सोडताच परत ८ वर आली. चढावर ५० वरून ७१, नॉकिंग नाही. पूर्ण लोडवर नॉकिंग ऐकू आलं असतं तर टायमिंग दोन अंश मागे घेतलं असतं.

प्लगचा रंगही तपासला. चढाच्या शेवटी, रस्ता मोकळा बघून, पाय दाबलेला असतानाच क्लच दाबून इग्निशन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली. किल्ली फक्त एक खटका मागे घ्यायची. त्याहूनही मागे फिरवली तर स्टीअरिंग लॉक होईल. चारही प्लग फिकट तपकिरी. पांढरे असते, म्हणजे मिश्रण पातळ असतं, तर मुख्य जेट किंवा फ्लोटची पातळी बघावी लागली असती.

उरलेलं काम उष्णतेचं. पंपाकडे येणारी लोखंडी नळी एक्झॉस्टपासून दोन बोटांवरून जाते. थंड हवेत घेतलेल्या मापांवरून तिथे वाफ धरते की नाही हे सांगता येणार नाही. म्हणून पुढची फेरी भर उन्हात : चढ संपल्यावर दहा मिनिटं इंजिन बंद, मग लगेच पुन्हा तोच चढ. सक्शनचा व्हॅक्यूम आणि कार्बोरेटरजवळचं प्रेशर, दोन्ही गेज लावलेले राहतील. प्रेशर हेलकावे खायला लागलं तर नळी लांबून वळवायची आणि मध्ये पत्र्याचा आडोसा द्यायचा. पंपाखालचा उष्णतारोधक स्पेसर जागेवर आणि अखंड आहे हे आत्ताच पाहून ठेवलं आहे.