सोलापुरात राहून शालेय समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी : माझा अनुभव

‘शालेय समुपदेशन’ या नावाची एम.ए. शोधायला गेलात तर आपल्याकडे फारसं काही हाती लागत नाही. नेटवर सापडतं ते बहुतेक अमेरिकेतलं: तिथे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात आधी 100 तासांचं प्रॅक्टिकम म्हणजे देखरेखीखालचा सराव, मग 600 तासांची इंटर्नशिप, आणि त्यातले निदान 240 तास थेट मुलांबरोबर. इथली वाट वेगळी. मानसशास्त्रात एम.ए. करायचं, समुपदेशनाचे विषय निवडायचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास शाळेत भरायचे. मी सोलापुरात राहून तेच केलं. पदवीवर नुसतं ‘मानसशास्त्र’ छापून येतं. शाळेतलं काम जमतं की नाही, ते त्या तासांवर ठरतं.

आधी प्रवेशाचं. नोकरी सांभाळून इग्नूतून मानसशास्त्रात एम.ए. करणारे शिक्षक पूर्वी बरेच असायचे. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली, कारण 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याच्या कक्षेत तो विषय येतो. म्हणून ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ अशी जाहिरात दिसली तर फी भरण्याआधी यूजीसीची मान्यता तपासा. राहिला नियमित प्रवेश. बी.ए.ला मानसशास्त्र नसेल तर पात्रतेचा नियम आधी विचारून घ्या. तो सगळीकडे सारखा नाही. बी.एड. झालेल्या शिक्षकांना एनसीईआरटीची एका वर्षाची मार्गदर्शन व समुपदेशन पदविकाही आहे: सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. महाराष्ट्रासाठी भोपाळची प्रादेशिक संस्था. मात्र ती पदविका आहे, पदवी नव्हे.

कागदपत्रांत दोनच गोष्टी अडवतात. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याचं मायग्रेशन प्रमाणपत्र, आणि मध्ये खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्ती घेणार असाल तर बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे फॉर्म भरायच्या आधी बघा. नंतर पैसे अडकले की खेटे घालावे लागतात.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चार सत्रांची झाली आहे. संशोधन पद्धती पहिल्या सत्रात, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणजे ओजेटी दुसऱ्या सत्रात, संशोधन प्रकल्प तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात. ओजेटी 4 श्रेयांकांचं (क्रेडिटचं). प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे 120 तास. दोन वर्षांत शाळेत हक्काने बसायला मिळतं ते एवढंच.

शाळा निवडताना घरापासूनचं अंतर बघू नका. तिथे मुलांशी एकट्याने बोलायला खोली आहे का आणि तुमच्या नोंदी वाचणारं कुणी आहे का, एवढं बघा. मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्रात कालावधी, आठवड्याचे दिवस, लागणारी खोली आणि पालकांची लेखी संमती कोण घेणार हे चारही मुद्दे घाला. आणखी एक वाक्य आवर्जून घाला: ‘प्रशिक्षणार्थीस ऑफ तासावर पाठवू नये.’ ते नसलं की आठवडाभरात हातात खडू येतो, आणि पट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाजवळ मुलं मन मोकळं करत नाहीत.

मुलांना बोलवायचा तासही विचार करून निवडावा. पी.टी.च्या तासाला उठवलं तर मूल रुसूनच बसतं, गणिताच्या तासाला उठवलं तर बाई रुसतात. ग्रंथालयाचा किंवा कार्यानुभवाचा तास त्यातल्या त्यात बरा. एका तासिकेत नीट बोलणं होतं तीसएक मिनिटं. येणं-जाणं आणि नोंद यांत उरलेला वेळ जातो. वर्गात गोंधळ घातला म्हणून मुलाला शिक्षा म्हणून पाठवण्याची पद्धत बऱ्याच शाळांत असते. ती पहिल्याच आठवड्यात थांबवायला हवी. त्यासाठी शिक्षकांना एक छोटा संदर्भ फॉर्म द्या: काय दिसलं, किती दिवसांपासून, घरी कळवलं का. तीन ओळी लिहायच्या म्हटलं की रागाने पाठवणं आपोआप कमी होतं.

पहिल्या भेटीत गोपनीयतेचं वाक्य ठरलेलं हवं. ‘तू सांगशील ते कुणालाच सांगणार नाही’ असं कधीही म्हणू नये. मी वापरते ते असं: ‘तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं वाटलं, तर मला ते मोठ्यांना सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला कळवीन.’ कारण 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19: लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. प्रशिक्षणार्थी आहे म्हणून यातून सूट नाही. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हे दोन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

नोंदवहीत नाव लिहायचं नाही, संकेतांक लिहायचा, आणि नाव-संकेतांकाची यादी वेगळी, कुलपात ठेवायची. संवाद शब्दशः लिहिताना पान तीन रकान्यांत पाडा: मूल काय म्हणालं, मी काय म्हणाले, मी ते का म्हणाले. तिसरा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

चाचण्यांबद्दल. रेवनची मॅट्रिसेस ही आकृत्यांची बुद्धिमत्ता चाचणी (60 प्रश्न, 12-12 चे पाच संच) भाषेवर फारशी अवलंबून नाही, म्हणून सोलापुरात सोयीची. भाटियांच्या 1955 च्या बुद्धिमत्ता संचातल्या पाचांपैकी चार चाचण्या कृतीच्या, एक तात्काळ स्मरणाची; संच 11 ते 16 वयासाठी. शाब्दिक चाचण्या देताना मात्र सावध. इथल्या पूर्व भागात विणकर आणि विडी कामगारांच्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू माध्यम. मराठी शाळेतलं मूल घरी मराठी बोलतंच असं नाही, आणि शब्दसंग्रहात कमी गुण पडले म्हणून बुद्धी कमी, असा अहवाल जायला वेळ लागत नाही. अहवालात घरची भाषा आणि वापरलेली मानकं (गुण ज्यांच्याशी ताडून बघतो ते तक्ते) कोणत्या वर्षाची, हे लिहायलाच हवं. चाचणीच्या झेरॉक्स प्रती वापरू नका. कॉपीराइटचा प्रश्न राहतो, आणि रेवनसारख्या चाचणीत आकृत्या पुसट आल्या की गुणच बदलतात.

प्रकल्पात वेळापत्रक चुकतं. चौथं सत्र पडतं नेमकं बोर्डाच्या काळात. जानेवारीत आधी सोलापुरातली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, पाठोपाठ प्रात्यक्षिकं, मग फेब्रुवारी-मार्चला बारावी-दहावी. या दिवसांत कुठलीही शाळा तुम्हाला वर्ग देणार नाही. त्यामुळे माहिती गोळा करायचं काम डिसेंबरपर्यंत उरकायचं. इंग्रजी प्रश्नावली वापरायची तर एकाने मराठीत करावी, ती न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत करावी, फरक जुळवावेत, छोट्या गटावर विश्वासार्हता (उत्तरं कितपत सुसंगत येतात ते) काढावी आणि मगच मुख्य गटाकडे जावं. आकडेमोडीला जामोवी किंवा जास्प ही फुकट सॉफ्टवेअर पुरतात. टी-चाचणी आणि सहसंबंध समजून केलेत तर पुरे. न समजलेलं तंत्र वापरून प्रकल्प वजनदार होत नाही, तोंडी परीक्षा तेवढी अवघड होते.

नोकरीचं सांगायचं तर सीबीएसईने 2018 च्या संलग्नता उपविधींत माध्यमिक शाळांना पूर्णवेळ समुपदेशक सांगितला. नववी ते बारावी 300 पेक्षा कमी मुलं असतील तर अर्धवेळ चालेल, असं तेव्हा त्यात होतं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. अनुदानित मराठी शाळांत मात्र स्वतंत्र पद सहसा दिसत नाही. आणि एम.ए. झालं म्हणून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी लागते.

ओजेटी संपताना शाळेकडून प्रमाणपत्र घ्याल त्यावर एकूण तास, त्यातले वैयक्तिक आणि गटातले तास वेगवेगळे, इयत्ता आणि जावक क्रमांक असू द्या. ‘काम समाधानकारक होते’ एवढ्या एका ओळीच्या कागदाला मुलाखतीत कुणी विचारत नाही, आणि मुख्याध्यापक बदलले की दुसरा कागद मिळत नाही.