वाटण न लावलेली कोंबडी

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात कोंबडी म्हणजे वाटण, हे समीकरण इतके पक्के आहे की वाटणाशिवाय कोंबडी शिजू शकते, हेच आईला मान्य नाही. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजायचे, त्यात धणे, मिरी, बडीशेप घालून बारीक वाटायचे आणि मगच टोपाला हात लावायचा. रविवारी हे सगळे आनंदाने होते. पण जूनमधल्या एका बुधवारी संध्याकाळी पावणेसातला मी ऑफिसातून भिजून घरी पोहोचलो, तेव्हा वीज गेलेली होती, पत्नी प्रशिक्षणासाठी ओरोसला अडकली होती, आणि तापातून नुकत्याच उठलेल्या आईला डॉक्टरांनी आठवडाभर तिखट वर्ज्य सांगितलेले होते. 1 जूनपासून मासेमारी बंद असल्यामुळे ताज्या मासळीचा प्रश्नच नव्हता आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार असल्याने जे काही सामिष खायचे ते त्याच रात्री खायचे होते. येताना मी पाऊण किलो कोंबडी हाडांसकट आणली होती आणि तिचा स्ट्यू करायचे मनाशी ठरवले होते.

हा स्ट्यू मी कॉलेजच्या वसतिगृहात कोट्टयमच्या एका मित्राकडून शिकलो. केरळात त्याला ‘इष्टू’ म्हणतात आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या सकाळी तो अप्पमबरोबर खातात. नारळ, मिरी, आले, कढीपत्ता हे सगळे आपल्याही घरात असतेच. फरक एवढाच की तिथे काहीही लाल किंवा काळे होऊ द्यायचे नसते. आमच्या हाताला नेमकी याचीच सवय नाही.

यापूर्वी एकदा मी तो बिघडवला होता, आणि तोही पाहुण्यांसमोर. नारळाचा घट्ट रस मोठ्या आचेवर ओतला, वर झाकण ठेवले, सवयीने दोन आमसुले टाकली आणि फोन घ्यायला बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तर रस फुटलेला: वर तेलाचा तवंग, खाली पांढरे कण, मधे पाणी. चव वाईट नव्हती, पण नासलेल्या दुधासारखे ते कालवण वाढताना लाज वाटली. नारळाच्या रसातले तेल बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात तरंगत असते आणि रसातली प्रथिने त्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. जोराची उकळी किंवा आंबटपणा मिळाला की ती प्रथिने गोठतात आणि तेल सुटे होते. पिठाचा अंश असेल तर रस बराच सावरतो, हे मला पुढे कळले.

मिक्सर बंद असल्याने नारळाचे काम हातानेच करावे लागले. एक मोठा नारळ विळीवर खवून तो चव मी पाट्यावर चार वेळा वरवंटा फिरवून ठेचला आणि कोमट पाणी घालून पंचाच्या स्वच्छ तुकड्यातून पिळला. वाटीभर घट्ट रस निघाला. त्याच चवात पुन्हा पाणी घालून दोन वाट्या पातळ रस काढला. दोन्ही रस वेगळे ठेवणे हेच या प्रकारातले अर्धे काम आहे, असे माझे मत आहे.

बाकीची तयारी दिव्याच्या उजेडात पंधरा मिनिटांत झाली. जाड बुडाच्या टोपात दोन चमचे खोबरेल तेल तापवून त्यात दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, चार लवंगा, दोन वेलच्या आणि दहा-बारा अख्खे मिरीदाणे टाकले, मग उभा चिरलेला कांदा, आल्याचे बारीक काप, ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि, आईचा विचार करून, एकच हिरवी मिरची, तीही न चिरता. कांदा पारदर्शक झाल्यावर हात आपोआप आच वाढवायला गेला. तिथेच थांबावे लागते. हळदही घातली नाही. कोंबडीचे तुकडे मिठासह परतून ते बाहेरून पांढरे झाल्यावर पातळ रस ओतला, दोन बटाट्यांच्या मोठ्या फोडी आणि एक गाजर घातले आणि मंद आचेवर झाकण ठेवले.

ब्रॉयलर कोंबडीला अशी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. गावठी असती तर कुकरशिवाय गत्यंतर नव्हते. मधे वर आलेला करडा फेस मी दोनदा पळीने काढून टाकला. हाडाजवळ सुरी घालून पाहिली आणि गुलाबी पाणी निघत नाही याची खात्री केली. बटाट्याच्या दोन फोडी टोपाच्या कडेलाच चेपून रसात मिसळल्या, घावण्यांसाठी काढलेल्या तांदळाच्या पिठातले चमचाभर पीठ थोड्या पाण्यात कालवून ओतले, पाच मिनिटे शिजू दिले आणि मग गॅस अगदी बारीक केला. घट्ट रस धार धरून सोडताना पळी एकाच दिशेने हलवत राहिलो. या वेळी झाकण नाही, फोन नाही. कडेला वाफ दिसू लागली, पहिला बुडबुडा यायच्या आत गॅस बंद केला. रस एकसंध, सायीच्या रंगाचा राहिला. वरून ताजी मिरपूड घातली.

आई पाटावर बसली, वाटीत डोकावली आणि म्हणाली, “रे झिला, ह्येका वाटाप खय आसा?” मी काही उत्तर दिले नाही, घावणे वाढत राहिलो. मुलाने न बोलता तीन खाल्ले. आईने आधी नुसता रस भुरकला, मग बटाटा, मग कोंबडी, आणि मिरपुडीची डबी स्वतःच्या बाजूला ओढून घेतली. ती काढून घेण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

साडेनवाला पत्नी आली तेव्हाही वीज आलेली नव्हती. पावसाळी दमट हवेत नारळाच्या रसाचे कालवण रात्रभर बाहेर टिकत नाही आणि फ्रिजही बंद होता, त्यामुळे उरलेले सगळे तिच्या ताटात गेले. तिचे जेवण होईपर्यंत आई तिथेच बसून राहिली, आणि शेवटी अर्धा घावणा टोपाच्या तळाला फिरवून तो तिने पुसून घेतला.